ढाबळीतला खण

कबुतराला दिशा कशी कळते यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत. माझा प्रश्न साधा आहे: त्याला परत यावंसं का वाटतं?

कबुतर निरोप नेतं ते फक्त स्वतःच्या घराकडे. १८५०मध्ये रॉयटरनं ब्रुसेल्सहून आखेनला बाजारभाव पाठवले, तेव्हा आखेनच्या ढाबळीतले पक्षी आधी ब्रुसेल्सला न्यावे लागत. पुढे तारेनं ते काम घेतलं. बेल्जियममधल्या कामकरी माणसांनी शर्यत मात्र सोडली नाही.

त्यांच्या ढाबळीत भिंतीला खण असतात. एका जोडीला एक खण, आत घरट्यासाठी पसरट भांडं. नर आपल्या खणासाठी जिवावर उदार होऊन भांडतो. वाटणी चुकली की अंडी फुटलीच म्हणून समजा. जुनी रीत अशी, की जोडी अंड्यांवर बसलेली असताना शर्यतीला न्यायची. अंडी दोन, ऊब सतरा-अठरा दिवस. दिवसा बराच वेळ नर बसतो, रात्री मादी.

मग आली विधुर पद्धत. (नाव माझं नव्हे, त्यांचंच!) एक वीण झाली की मादी वेगळी ठेवायची, खणातलं भांडं पालथं घालायचं. शर्यतीला नेण्याआधी भांडं सुलटं करून मादी थोडा वेळच दाखवायची. नर शेकडो किलोमीटर उडून येतो तो या खणाकडे.

याला फसवणूक म्हणायचं का? मला पूर्ण तसं म्हणवत नाही. कारण तो परततो तेव्हा मादी तिथं असावीच लागते. हा शब्द मोडला, तर पुढच्या खेपेला त्याची ओढ मंदावते. काही वेळ दोघं एकत्र राहतात. मग मालक मादीला उचलतो आणि भांडं पुन्हा पालथं घालतो.