शिलाई मशीन, सायकल आणि दातांचा हिशोब

आज सायकलीचा इतिहास सांगणार आहे, पण सुरुवात शिलाई मशीनपासून. कारण सायकल खरोखरच तिथून सुरू होते.

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री गावात जेम्स स्टार्ली नावाचा कारागीर शिलाई मशीन बनवायचा. १८६८ मध्ये त्यांच्या कारखान्यात पॅरिसहून एक दुचाकी आली आणि कारखाना हळूहळू मशीनकडून सायकलीकडे वळला. आता आपलं पायमशीन आठवा. खाली मोठं चाक, वर लहान चाक, मध्ये पट्टा. मोठं चाक एकदा फिरलं की लहान चाक कितीतरी वेळा फिरतं. सायकलीचं सगळं गणित यातच आहे.

पण पहिल्या सायकलींना हा पट्टाच नव्हता. लहान मुलांच्या तीनचाकीसारखं पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असे. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाकच मोठं करायचं! म्हणून १८७० नंतर माणसाच्या छातीएवढ्या उंच चाकाच्या सायकली आल्या. ज्याचे पाय लांब, त्याचं चाक मोठं. घोळदार झगा घालणाऱ्या बाईने त्यावर चढायचं कसं? स्टार्लीने तीनचाक्याही बनवल्या आणि १८८१ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने त्या मागवल्या. पण साध्या घरच्या बाईला ती कुठून परवडणार?

वाट मोकळी केली साखळीने. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने मजबूत रोलर चेन बनवली. १८८५ मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मध्ये, आणि चेन मागच्या चाकाला. आता चाक मोठं करायची गरज उरली नाही. पुढच्या चक्राचे दाते जास्त, मागच्याचे कमी, की काम झालं. पुढे दांडी खाली वाकवून लेडीज सायकलही निघाली.

एक अडचण मात्र राहिली होती. तेव्हा मागचं दातेरी चक्र चाकाला पक्कं असे. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, उतारावरसुद्धा. दात्यांचं प्रमाण हलकं ठेवलं तर चढ सोपा जाई, पण उतारावर पाय भिरभिरत. जड ठेवलं तर उतार सांभाळता येई, पण चढाला दम निघे. म्हणून दोन्हींच्या मधलं काहीतरी निवडावं लागे. फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, गिअर बदलायचं साधन वापरायला १९३७ पर्यंत बंदी होती. तोवर डोंगर आला की स्पर्धक खाली उतरत आणि मागचं चाक काढून उलटं बसवत. त्याच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचं चक्र असे.

१९०० च्या सुमारास फ्रीव्हील रुळलं. उतारावर पाय थांबवले की चक्र ‘टिकटिक’ करत मोकळं फिरतं, ते हेच. याने हिशोबच बदलला. उताराची चिंता ब्रेकने मिटली, आता प्रमाण ठरवायचं ते फक्त चढ, वारा आणि ओझं पाहून.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सायकली देशातच मोठ्या प्रमाणात बनू लागल्या. १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. त्यांची काळी, उंच, २८ इंची चाकाची सायकल आपल्या किनाऱ्यावरही आली. अशा सायकलीला पुष्कळदा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. ४४ भागिले १८ म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळपास अडीच फेरे. चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते.

नागाव, आक्षीच्या सपाट वाडीरस्त्याला हे छान. पण कार्ले खिंड चढायची असेल, रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीद, मुरूडकडे जायचं असेल, किंवा कॅरिअरवर मासळीची पाटी आणि समोरून समुद्राचा वारा असेल, तर? तेव्हा बाई उतरते आणि सायकल ढकलते. मग घरचे म्हणतात, “हिला झेपत नाही.” दोष पायांचा नसतो, दात्यांचा असतो.

मागे १८ ऐवजी २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर चाकाचे बरोबर दोन फेरे होतात. पायाचा जोर जवळजवळ पाचवा हिस्सा कमी लागतो. बदल्यात काय जातं? मिनिटाला साठ फेरे मारले तर दहा किलोमीटरला सात-एक मिनिटं जास्त लागतात. चेन मात्र थोडी वाढवावी लागते, तेवढं मिस्त्रीला सांगा. अनेक गिअरची महाग सायकल घ्यायचीच असं नाही. खाऱ्या हवेत तिच्या बारीक तारा आणि स्प्रिंगा लवकर गंजतात. साधी चेन खोबरेल नव्हे, मशीनच्या तेलाने पुसत राहिलात तर टिकते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो ग्रामीण बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्टस् सायकली घेतल्या. आडव्या दांडीवर मूल बसवता येतं, हा फायदाही त्यांनी शोधला. बाजार, बँक, पाण्याची खेप, कशासाठीही कुणाची वाट पाहायची गरज उरली नाही.

तेव्हा गटाच्या कर्जातून सायकल घेणार असाल तर दुकानात रंगाआधी दाते मोजा. पुढचे, मागचे, आणि भागाकार. अडीच आला तर सपाटीची, दोन आला तर खिंडीची. तुमचा रोजचा रस्ता कोणता, हे दुकानदाराला नाही, तुम्हालाच ठाऊक आहे.