प्राश्निकांचा पार : दूरचित्रवाणी-मालिकांवरील लोकाभिप्रायाविषयी

मराठी समीक्षेने वाचकाला उशिरा का होईना, मान्यता दिली. याउसचे अपेक्षांचे क्षितिज, ईझरच्या संहितेतील रिक्त जागा, फिशचा अर्थनिर्णायक समुदाय या संकल्पना आता आपल्या चर्चेत इतक्या रुळल्या आहेत की त्यांचे परकेपणही जाणवेनासे झाले आहे. मात्र या साऱ्या विवेचनात गृहीत धरलेला वाचक एकांतात वाचणारा असतो आणि त्याचा अभिप्राय लेखी स्वरूपात मागे उरतो. रात्री मालिका पाहून सकाळी हातपंपावर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा पारावर तिच्याविषयी मत देणारा माणूस या क्षितिजात कोठे बसतो, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांनी कथनकाराची नोंद घेतली, श्रोत्याला हुंकारापुरते ठेवले. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. तो समाजशास्त्राकडे सोपविला गेला. तिथे त्याचा ‘परिणामग्राही’ झाला.

वस्तुतः भारतीय परंपरेत या प्रेक्षकासाठी जागा होती. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना स्मित, अर्धहास, साधुकार यांपासून रोमांचापर्यंत प्रेक्षकाचे प्रतिसाद मोजून ठेवले आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाद उपस्थित झाल्यास निवाडा करणाऱ्या ‘प्राश्निकां’ची त्याने दिलेली यादी. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, वेश्या, गंधर्वविद्येचा जाणकार आणि राजसेवक अशी ही दहा माणसे. शस्त्र धरण्याची रीत योग्य की अयोग्य हे धनुर्धराने सांगावे, शृंगारातील व्यवहार वेश्येने पारखावा. म्हणजे अभिप्रायाचा अधिकार ‘साहित्यज्ञ’ नावाच्या एका वर्गाकडे नाही. ज्याने जे जगून पाहिले, त्याकडे त्या अंगाचा निवाडा. सहृदयाच्या पुढे विकसित झालेल्या कल्पनेने ही विभागणी पुसून टाकली, असे मला वाटते. गावाने ती टिकवली. मालिकेतील सासूच्या वागण्यावर कोणी बोलावे आणि बैलाच्या चालीवर कोणी, हे तिथे न सांगता ठरलेले असते.

या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ हे गाव समोर ठेवता येईल. गाव काही अपवादात्मक म्हणून निवडलेले नाही; वऱ्हाडातील असे कोणतेही गाव चालले असते. तरी या तालुक्याचा यांत्रिक माध्यमाशी असलेला एक जुना वाङ्मयीन संबंध विसरण्याजोगा नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून घराघरांत गेली. त्याच नावाचा संग्रह मात्र १९५४ साली निघाला. छापील पानाआधी तबकडी, असा हा क्रम आहे. यंत्राने वाङ्मय बिघडते, ही तक्रार करणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’ यांच्यावरील गप्पा मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाच्या होत्या; वऱ्हाडाला त्या वृत्तपत्रांतून वाचूनच ठाऊक. उपग्रहाद्वारे ग्रामीण शिक्षणाचा १९७५-७६ चा प्रयोग सहा राज्यांतील २४०० गावांत झाला, त्यातही महाराष्ट्र नव्हता. चित्र बदलले ते १९८४ च्या सुमारास, जेव्हा देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभारले गेले. हे प्रक्षेपक प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम सहक्षेपित करीत. परिणामी या भागात दूरचित्रवाणी आली ती हिंदी बोलत. हिंदी संहितेवर वऱ्हाडीत बोलायचे, हा पहिल्या पिढीच्या प्रेक्षकाचा भाषिक व्यवहार होता. कथा सांगताना पात्रांची वाक्ये हिंदीत आणि त्यावरचा शेरा वऱ्हाडीत, अशी ही दुपदरी रचना. तिच्यात अवतरण आणि भाष्य यांची सीमा भाषेनेच आखली जाते. छापील समीक्षेला त्यासाठी अवतरणचिन्हे लागतात.

त्याच वर्षी, ७ जुलै १९८४ रोजी, ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन घडलेल्या प्रसंगावर बोलत. अधिकृत समीक्षकच संहितेत बसविलेला होता म्हणा ना! तरीही प्रेक्षकांनी आपला निवाडा आपणच केला. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी केलेल्या अभ्यासात याचा बोलका दाखला आहे. भागवंती ही सारे मुकाट सोसणारी आई निर्मात्यांनी असे वागू नये म्हणून उभी केली होती. अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. संज्ञापकाच्या भाषेत हा संदेशवहनातील दोष ठरतो. मला तो दोष वाटत नाही. जिने तशी आई घरात पाहिली आहे, तिने भागवंतीच्या बाजूने दिलेला कौल हा भरताच्या अर्थाने प्राश्निकाचाच कौल आहे. तो प्रतिगामी असू शकतो, पण तो अडाणी नाही. या मालिकेला आलेल्या पत्रांची संख्या सुमारे चार लाख सांगितली जाते. पत्र लिहिणे म्हणजे साक्षर असणे, पत्ता ठाऊक असणे आणि आपले मत दिल्लीला हवे आहे असा विश्वास असणे. पारावरच्या मताला यांपैकी एकाचीही गरज नव्हती.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दाखविले गेले. रविवारी सकाळी ओस पडलेले रस्ते, संचाला घातलेला हार आणि पुढे लावलेली उदबत्ती यांची वर्णने इतकी झाली आहेत की अवघा देश एकाच भावनेने ते पाहत होता, असा समज दृढ झाला. इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. उत्तरकांड न दाखविता मालिका संपणार हे कळताच जालंधरच्या सफाई कामगारांनी १९८८ साली संप केला आणि लोण इतर शहरांत पसरले. मालिकेचा शेव��� कोठे असावा, या निखळ रचनाविषयक मुद्द्यावर झालेला हा संप समीक्षेच्या इतिहासात का येऊ नये? वाल्मीकीला आपला पूर्वज मानणाऱ्यांना वाल्मीकी ज्या कांडात पात्र म्हणून येतो तेच कांड गाळलेले चालणार नव्हते.

महाराष्ट्रात याच महिन्यांत वेगळाच प्रसंग उभा राहिला. राज्य शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या चौथ्या खंडातील राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून वाद पेटला आणि १९८८ च्या प्रारंभी मुंबईत त्याच्या विरोधात आणि समर्थनार्थ मोर्चे निघाले. विदर्भातल्या गावांत आंबेडकरी चळवळीची मुळे खोल असल्याने, पडद्यावरचा राम आणि परिशिष्टातला राम हे दोन्ही एकाच वेळी चर्चेत होते. त्या दीड वर्षात गावाने एकमुखाने ‘रामायण’ पाहिले, असे मानणे म्हणजे गावातली अर्धी घरे वगळून गाव मोजणे होय.

साप्ताहिक मालिकेने अभिप्रायाला सहा दिवस दिले होते. रविवारी पाहिलेले सोमवारी सांगितले जाई, बुधवारपर्यंत त्यावर मतभेद होत, शनिवारी तर्क चालत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दैनंदिन मालिका आली. मराठीत ‘दामिनी’ने तो पायंडा पाडला. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई-टीव्ही मराठी ह्या वाहिन्या निघाल्या. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. हे सहा दिवस चोवीस तासांवर आले, तसा अभिप्रायाचा पिंडही बदलला : काय योग्य झाले यापेक्षा उद्या काय होईल याला महत्त्व आले. निवाड्याची जागा अंदाजाने घेतली.

वऱ्हाडात मात्र या गतीला एक अनपेक्षित अडसर होता, तो भारनियमनाचा. २००५ च्या आसपास विदर्भाच्या ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. वीज गेली की भाग बुडाला. मग ज्याच्याकडे बॅटरीवर संच चालला, किंवा जो त्या संध्याकाळी वीज असलेल्या दुसऱ्या गावी पाहुणा होता, त्याच्याकडून तो ऐकायचा. ईझरच्या रिक्त जागा लेखकाने ठेवलेल्या असतात. या वीज मंडळाने ठेवलेल्या. पण त्या भरण्याची क्रिया अधिक सर्जक होती. बुडालेला भाग सांगणारा नेहमीच काही गाळतो, काही वाढवतो, नावडत्या पात्राचा आवाज मुद्दाम चिरका काढतो. ऐकणाऱ्यापर्यंत भाग पोहोचतो तोच मुळी अभिप्रायासह. कीर्तनकाराचे आख्यान आणि हे पुनःकथन यांत जातकुळीचा फरक मला दिसत नाही, बुक्का आणि वीणा तेवढी नाही.

या सर्व काळात मालिकांचे भवितव्य ज्या मोजणीवर ठरत होते, ती मोजणी प्रारंभीची बरीच वर्षे प्रामुख्याने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत चालत असे. बुलढाणा जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहर खामगाव. २०११ च्या जनगणनेतही त्याची लोकसंख्या लाखाच्या आतच होती. म्हणजे जानेफळ सोडाच, उभा जिल्हाच या मापाच्या बाहेर राहिला. मालिकेतल्या घरांचे दिवाणखाने मोठे होत गेले, शेतकरी पात्रे नाहीशी झाली किंवा विनोदापुरती उरली, याची कारणे लेखकांच्या प्रतिभेत शोधण्याआधी या मापात शोधायला हवीत. ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण प्रेक्षकांची आकडेवारी देण्यास प्रारंभ केला तो २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये. आकडे येताच मोफत डिशवरच्या, तोवर नगण्य समजल्या गेलेल्या वाहिन्या एकाएकी वर सरकल्या. प्रेक्षक बदलला नव्हता, फक्त तो मोजला गेला. तरी मोजणी सांगते ती संच कोणत्या वाहिनीवर होता एवढेच. त्यापुढे बसलेली बाई नायिकेला शिव्या देत होती की तिच्यासाठी रडत होती, हे तिला कळत नाही.

खेड्यात राहून हे ऐकण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला आहे. कर्क जॉन्सन यांनी नव्वदच्या दशकात पाचगणीजवळच्या दानवली आणि राजपुरी या दोन गावांत राहून दूरचित्रवाणीने दैनंदिन जीवनात घडविलेले बदल नोंदविले. त्यांचा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. त्याचे मोल मोठेच आहे, पण तो समाजशास्त्रज्ञाचा ग्रंथ आहे. मालिका काय करते हे त्यात आहे. मालिकेचे काय केले जाते, कोणत्या शब्दांत तिची निर्भर्त्सना होते, कोणते पात्र म्हणीत शिरते, कोणाचे नाव गावातल्या कोणाला पडते, हे नोंदविण्यासाठी कान वाङ्मयाच्या अभ्यासकाचा लागेल. वऱ्हाडीचा शब्दकोश आणि म्हणींचे संग्रह आपण केले आहेत. त्याच वऱ्हाडीत चार दशके रोज चाललेली समीक्षा मात्र ध्वनिमुद्रित झालेली नाही. पहिल्या पिढीतले, ‘हम लोग’ पाहिलेले प्राश्निक आता सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांची नातवंडे मोबाइलवर पाहतात, ज्याच्या त्याच्या वेळेला, एकाच ओट्यावर बसलेल्या तिघांचे तीन वेगवेगळे भाग झालेले असतात, आणि बोलणे सुरू होण्याआधीच एक जण हात वर करून म्हणतो, “थांब, पुढचं सांगू नको.”