सहनिर्देशकांचे परिवर्तन आणि चरणनिश्चितीचा प्रश्न

संगणकाच्या पडद्यावर चित्ररेखन करणाऱ्यास दोन पद्धतींनी विचार करावा लागतो. पडद्यावरील बिंदू आडव्या व उभ्या अंतरांनी, म्हणजेच कार्तीय सहनिर्देशकांनी, निश्चित होतो. फूल, चक्र किंवा सर्पिल यांची रचना मात्र केंद्रापासूनचे अंतर व कोन, म्हणजेच ध्रुवीय सहनिर्देशक, यांच्या साहाय्याने अधिक सुलभपणे मांडता येते. या दोहोंमधील परिवर्तन ही केवळ सूत्रांची अदलाबदल होय, असा समज आढळतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे इतिहासाच्या आधारे पाहणे उचित ठरेल.

देकार्तचा भूमितीवरील प्रबंध १६३७ साली प्रसिद्ध झाला. न्यूटनने १६७१ च्या सुमारास लिहिलेल्या, परंतु १७३६ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात सर्पिलांसाठी ध्रुवीय पद्धती योजिली. याकोब बेर्नुलीने तिचा उपयोग १६९१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १७२९ मध्ये याकोब हेर्मानने एका पद्धतीतून दुसरीत जाण्याची समीकरणे दिली.

समीकरणे मिळाली, तरी दोन्ही दिशांचा मार्ग सारखा सुगम नाही. त्रिज्येस कोनाच्या कोज्येने व ज्येने गुणिले असता कार्तीय सहनिर्देशक निःसंदिग्धपणे मिळतात. उलट दिशेने जाताना उभ्या अंतरास आडव्या अंतराने भागून कोन काढावा, तर (१, १) व (−१, −१) या दोन्ही बिंदूंसाठी भागाकार १ च येतो. वस्तुतः त्यांचे कोन अनुक्रमे ४५° व २२५° आहेत. भागाकारात चिन्हे लोपतात व त्यांच्यासवे चरणाचे ज्ञानही लोपते. नौकानयनात व विमानविद्येत अशी चूक म्हणजे नेमकी विरुद्ध दिशा होय.

कॉन्व्हेअर या अमेरिकन संस्थेतील जॅक व्होल्डर यांनी बी-५८ विमानाच्या दिशादर्शक गणकासाठी १९५६ मध्ये मांडलेली व १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘कॉर्डिक’ पद्धती या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत भागाकारच नाही. ज्यांच्या स्पर्शज्या १, १/२, १/४ अशा आहेत, त्या ४५°, २६.५७°, १४.०४° इत्यादी कोनांतून बिंदू फिरवीत आडव्या अक्षावर आणावयाचा. त्या फिरविण्याची बेरीज हाच इष्ट कोन. परंतु या सर्व कोनांची बेरीज सुमारे ९९.९° एवढीच भरते. त्यामुळे दूरच्या चरणातील बिंदू चिन्हे पाहून आरंभीच वळवून घ्यावा लागतो. १९६६ च्या प्रमाणित फोर्ट्रान भाषेत दोन्ही अंतरे स्वतंत्रपणे घेणारे ‘एटॅन-२’ हे फलन समाविष्ट होते. त्याने हेच ज्ञान जतन केले.

केसी रीस व बेन फ्राय यांनी २००१ मध्ये चित्रकारांसाठी आरंभिलेल्या ‘प्रोसेसिंग’ मध्येही हे फलन आहे. तेथे उभा अक्ष खाली वाढत असल्याने धन कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजला जातो. सारांश, परिवर्तनाची सूत्रे अठराव्या शतकात सिद्ध झाली होती. यंत्राला शिकवावे लागले ते चिन्हांचे जतन. चित्रकाराचे फूल उलट्या बाजूस उमलते, तेव्हा दोष बहुधा सूत्राचा नसून त्या विसरलेल्या चिन्हाचा असतो.