ओळींची स्वल्पविरामी जोडणी (शेल)

युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत आज्ञेचे उत्तर बहुधा ओळीवार येते: एका ओळीत एक नाव किंवा एक आकडा. पुढच्या कामाला मात्र तीच यादी पुष्कळदा एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम घालून लागते. अशा वेळी उभी यादी आडवी करावी लागते. १९७३ साली बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला, तेव्हापासून एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या हाती देता येते. ही जोडणीही पाइपवरच चालते.

पहिल्यांदा आठवतो तो 'टीआर'. नव्या ओळीच्या चिन्हाजागी तो स्वल्पविराम ठेवतो. 'जिल्हे' या फाइलीत नाशिक, पुणे, सातारा अशा तीन ओळी असल्या, तर उत्तर येते 'नाशिक,पुणे,सातारा,'. शेवटचा स्वल्पविराम नको असतो, आणि त्याला चिकटूनच पुढचा प्रॉम्प्ट उमटतो. यात टीआरचा दोष नाही. पॉझिक्स मानकानुसार प्रत्येक ओळ नव्या ओळीच्या चिन्हाने संपते, शेवटचीसुद्धा. स्वल्पविराम मात्र दोन नावांच्या मधेच हवा. तीन ओळींना चिन्हे तीन, तीन नावांना स्वल्पविराम दोन. सगळी अडचण या एका फरकातून येते.

हा फरक नेमका सांभाळते ती 'पेस्ट' आज्ञा, आणि या कामासाठी तिच्याइतके नेटके साधन दुसरे नाही. 'पेस्ट -एस -डी ,' एवढे लिहिले की 'नाशिक,पुणे,सातारा' मिळते, शेवटी ओळही नीट संपते. मॅकवर पाइपमधून येणारा मजकूर घ्यायचा असेल तर शेवटी एक सुटी '-' द्यावी लागते. ग्नूच्या पेस्टला तिची गरज नाही, पण दिल्याने बिघडतही नाही. म्हणून ती देण्याची सवय चांगली.

स्वल्पविरामानंतर मोकळी जागा हवी म्हणून 'डी'पुढे दोन्ही चिन्हे दिली, की उत्तर येते 'नाशिक,पुणे सातारा'. पेस्ट त्या दोन चिन्हांना एक जोडी मानत नाही, आळीपाळीने वापरते. आधी स्वल्पविरामाने जोडून मग 'सेड'ने प्रत्येक स्वल्पविरामानंतर जागा घालणे हा सरळ उपाय. 'ऑक'मध्ये पहिली ओळ सोडून प्रत्येक ओळीआधी हवे ते विभाजक छापता येते. ते कितीही अक्षरांचे असो.

मराठी मजकुरात आणखी एक जपायला हवे. ग्नूचा टीआर एकेक बाइट पाहतो, आणि यूटीएफ-८ मध्ये दंड, म्हणजे '।', ३ बाइटांचा असतो. स्वल्पविरामाऐवजी दंड दिला तर त्याचा पहिलाच बाइट ओळींमध्ये पडतो आणि मजकूर नासतो.

विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी 'कॅरेज रिटर्न' हे जादा चिन्ह असते. जोडणीनंतर ते मधेच राहते, कर्सर ओळीच्या सुरुवातीला परततो आणि पडद्यावर आधीची नावे पुसल्यासारखी दिसतात. ते टीआरने आधीच काढून टाकावे. नावातच स्वल्पविराम असेल तर जोडलेल्या यादीत कोणता कुठला हे कळत नाही. २००५ च्या आरएफसी ४१८० मध्ये असे रकाने दुहेरी अवतरणांत घालायला सांगितले आहे, पण पेस्ट ती घालत नाही.

काही आज्ञा जोडणीचे हे काम स्वतःच करतात. लिनक्सवर 'पीग्रेप'ला '-डी ,' दिले की प्रोसेस क्रमांक जोडूनच मिळतात आणि ते तसेच 'टॉप -पी'ला देता येतात. टॉप मात्र एका वेळी २० पेक्षा जास्त क्रमांक घेत नाही.