हातातले जुने गेम संगणकावर : एम्युलेटर कसा निवडावा?

निन्टेन्डोचा 'गेम बॉय' १९८९ मध्ये बाजारात आला. त्याच्या अनेक कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती नाण्याएवढ्या बॅटरीच्या आधारे जपली जाते. बॅटरी संपली, की जपलेला खेळही पुसला जातो. त्यामुळे जुने खेळ संगणकावर उतरवून एम्युलेटरवर चालवणे, हा केवळ करमणुकीचा नव्हे, तर जतनाचाही मार्ग ठरतो. एम्युलेटर म्हणजे मूळ यंत्राचा प्रोसेसर, पडदा आणि ध्वनी यांची नक्कल करणारे सॉफ्टवेअर.

वेगापेक्षा अचूकता महत्त्वाची
२००१ च्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स'चा प्रोसेसर सुमारे १७ मेगाहर्ट्झचा होता. आजच्या साध्या संगणकालाही त्याची नक्कल जड जात नाही. म्हणून निवडीचा निकष वेग नसून अचूकता असावा. एके काळी लोकप्रिय असलेल्या 'व्हिज्युअलबॉयअ‍ॅडव्हान्स'ची नक्कल काही बाबतींत सैल होती. परिणामी हौशी मंडळींनी फेरबदल केलेले काही खेळ त्यावर चालत. मात्र खऱ्या यंत्रावर अडत. आज या यंत्रासाठी विनामूल्य 'एमजीबीए' हा अधिक भरवशाचा पर्याय आहे.

यंत्रानुसार निवड
'निन्टेन्डो डीएस'ला (२००४) दोन पडदे असून खालचा स्पर्शाने चालतो. संगणकावर ते काम माऊस करतो. त्यामुळे 'मेलनडीएस' किंवा 'डेस्म्युमी' निवडताना पडद्यांची मांडणी सोयीची होते का, हे तपासावे. सोनीच्या 'पीएसपी'साठी 'पीपीएसएसपीपी' प्रचलित आहे. मूळ ४८० बाय २७२ पिक्सेलचे चित्र तो कितीतरी सुस्पष्ट करून दाखवतो. मात्र त्यासाठी ग्राफिक्स क्षमता अधिक लागते.

'सेव्ह'चे दोन प्रकार
खेळाच्या आतून केलेली नोंद बहुधा दुसऱ्या एम्युलेटरमध्येही नेता येते. एम्युलेटरने टिपलेली क्षणचित्रासारखी 'सेव्ह स्टेट' मात्र त्याच सॉफ्टवेअरशी, कधी कधी त्याच आवृत्तीशी बांधलेली असते. केवळ तिच्यावर विसंबल्यास सॉफ्टवेअर बदलताना सारी प्रगती हातची जाऊ शकते.

कायद्याची बाजू
सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २००० मध्ये कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. एम्युलेटर तयार करण्यासाठी सोनीच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास करताना घेतलेल्या प्रती न्यायालयाने रास्त वापर मानल्या. मात्र मार्च २०२४ मध्ये 'युझू'च्या निर्मात्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि त्यासोबत 'सिट्रा' या 'थ्रीडीएस' एम्युलेटरचे कामही थांबले. खेळांवरील स्वामित्वहक्क कायम असतो. त्यामुळे 'फुकट' मिळणाऱ्या प्रती टाळाव्यात आणि एम्युलेटरही मूळ निर्मात्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

स्वतःजवळ जुनी कार्ट्रिज असल्यास यूएसबीवर चालणाऱ्या कार्ट्रिज रीडरने आधी 'सेव्ह'ची प्रत काढून ठेवावी. एम्युलेटर पुढेही बदलता येतो. बॅटरीबरोबर पुसलेला खेळ परत मिळत नाही.