मळमळ व ओकारी : मस्तिष्कस्तंभाचे नियंत्रण

ओकारी घडवून आणणारी चेतापेशींची जोडणी मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात, लंबमज्जेत असते. पूर्वी तिथे एकच ‘वांतिकेंद्र’ मानले जाई. प्रत्यक्षात हे काम विखुरलेल्या पेशीसमूहांचे आहे. मळमळ जाणवायला मात्र वरचा मेंदू लागतो.

लंबमज्जेला वर्दी अनेक वाटांनी पोचते. नासके अन्न पोटात गेले की आतड्यातील पेशी सेरोटोनिन सोडतात आणि प्राणेशा तंत्रिका ती खबर वर नेते. रक्तात उतरलेले विष चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाशी असलेल्या एरिया पोस्ट्रेमाला कळते, कारण तिथे रक्त आणि मेंदू यांमधला नेहमीचा अडसर नसतो.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरकरांच्या रोजच्या ओळखीची वाट आंतरकर्णाची. खोपोलीहून बोरघाट चढताना किंवा नेरळहून दस्तुरी नाक्याकडे टॅक्सीने जाताना मोबाइलमध्ये डोके घातलेल्या प्रवाशाचे डोळे म्हणतात, सारे स्थिर आहे; आंतरकर्ण म्हणतो, आपण वळतो आहोत. या विसंगतीतून गाडी लागते. चालकाला सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

लंबमज्जेतून हुकूम सुटला की तोंडाला पाणी सुटते, खोल श्वास घेतला जातो, स्वरद्वार मिटते आणि श्वासपटल व पोटाचे स्नायू एकदम आवळतात. जोर त्यांचा असतो. जठर त्या क्षणी सैलच असते. उंदराला ओकता येत नाही. घरात फिरणाऱ्या चिचुंद्रीला येते, म्हणून या विषयाच्या संशोधनात तिला मोठे स्थान मिळाले.

वाट वेगळी, तसे औषधही वेगळे. ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनची वर्दी अडवते, त्यामुळे घाटात त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे ॲव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, आणि तेही निघण्यापूर्वी. कोणत्याही उलटीवर घरातली एकच गोळी देण्याची सवय म्हणूनच चुकीची आहे.

विंचूदंशानंतरची उलटी तर निराळीच. तिच्याबरोबर दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय असतील, तर विष अंगात भिनले असे समजावे. याच रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांवर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. वाडीवर असा रुग्ण दिसला, तर उलटी थांबण्याची वाट न पाहता त्याला तडक रुग्णालयात न्यावे.