फुलकोबी : जलसिंचन आणि नत्र

फुलकोबी, म्हणजेच बाजारातील फ्लॉवर, ही मोहरीच्या कुलातील भाजी असून तिचे शास्त्रीय नाव ब्रॅसिका ओलेरॅसिया, प्रकार बॉट्रिटिस असे आहे. तिचा खाद्य भाग, म्हणजे गड्डा, हा फुलोऱ्याच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत वाढ थबकलेल्या व वारंवार शाखित झालेल्या कोवळ्या अग्रांचा बनलेला असतो. भारतात हे पीक १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत आले. आज महाराष्ट्रात नाशिक, पुणे, सातारा इत्यादी जिल्ह्यांत ते बागायती पीक म्हणून प्रतिष्ठित झाले आहे. पाणी आणि नत्र या त्याच्या दोन प्रमुख गरजा होत. मात्र एकीचा परिणाम दुसरीपासून विलग करून मोजू गेल्यास हिशेब हटकून चुकतो.

वाढीचा क्रम : गादीवाफ्यावर चार ते पाच आठवडे वाढवलेली रोपे सरी-वरंब्यावर लावतात. लावणीनंतर प्रथम पाने वाढतात आणि शेंड्यातून गड्डा धरू लागला की त्या शेंड्यातून नवी पाने येणे बंद होते. म्हणून गड्ड्याचे अंतिम आकारमान तो दिसू लागण्यापूर्वीच सिद्ध झालेल्या पर्णभारावर पुष्कळ अंशी अवलंबून राहते, आणि आरंभीच्या महिन्यात झालेली उपेक्षा नंतरच्या उदार खतपाण्याने भरून निघत नाही.

जलसिंचन : ताज्या गड्ड्यात वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असते, तर मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या ३० ते ४५ सेंमी. थरातच पसरतो, साहजिकच खोलवर ओल असूनही वरचा थर सुकला की पिकाला ताण पडतो. लावणीबरोबर पहिले पाणी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, आणि पुढे हलक्या जमिनीत पाच-सहा, तर भारी काळ्या जमिनीत आठ-दहा दिवसांच्या अंतराने पाळ्या, अशी सर्वसाधारण वहिवाट आहे. पण दिवसांच्या गणतीपेक्षा जमिनीतील वाफसा पाहून पाळी ठरवणे अधिक श्रेयस्कर. गड्डा धरण्याचा व पोसण्याचा काळ सर्वांत नाजूक असून त्या वेळी पडलेला ताण उत्पन्नात तत्काळ उतरतो. उलटपक्षी, निचरा नसलेल्या जमिनीत पाणी साचल्यास मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात.

नत्र : प्रथिने व हरितद्रव्य यांचा घटक या नात्याने नत्र पर्णभार वाढवते. ते अपुरे पडल्यास जुनी पाने प्रथम फिकट होतात, झाड खुरटते आणि अकालीच बटणाएवढा गड्डा धरते. मात्र हीच विकृती पाण्याच्या ताणाने, वाजवीपेक्षा जून रोपे लावल्याने अथवा हंगामाला न मानवणारी जात निवडल्यानेही उद्भवते, म्हणून तिचे निदान सावधपणे करावे लागते. नत्राचा अतिरेकही घातकच : झाड झपाट्याने वाढून खोड पोकळ होते, गड्डा सैल पडतो आणि दाट, लुसलुशीत पानोळ्यात रोगांना थारा मिळतो. बोरॉनच्या अभावीही खोड पोकळ होते. पण त्या वेळी खोड व गड्डा यांवर तपकिरी डाग पडतात, हा भेदक विशेष होय.

परस्परसंबंध : नायट्रेट रूपातील नत्र मातीच्या कणांना चिकटून न राहता पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच मुळांकडे वाहत येते. त्यामुळे कोरड्या थरातील खत विद्यमान असूनही पिकाला अप्राप्य राहते; बेसुमार पाण्याने तेच खत मुळांच्या आवाक्याखाली झिरपून जाते; आणि पाणी तुंबलेल्या जमिनीत प्राणवायूच्या अभावी काही सूक्ष्मजंतू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. युरिया उघड्या ओलसर पृष्ठावर पसरून ठेवल्यास त्यातील नत्राचा काही अंश अमोनिया होऊन हवेत उडतो, तर मातीत मिसळून वर हलके पाणी दिल्यास हे नुकसान बरेच टळते. शोषलेले नायट्रेट पानांत उपयोगात येण्यास मॉलिब्डेनमची आवश्यकता असते. आम्ल जमिनीत ते दुर्लभ झाल्यास पानाचे पाते आक्रसून मधली शीर तेवढी चाबकासारखी उरते.

व्यवस्थापन : महाराष्ट्रात दर हेक्टरी नत्र १५०, स्फुरद ७५ व पालाश ७५ किग्रॅ. अशी शिफारस प्रचलित असून त्यांपैकी निम्मे नत्र लावणीच्या वेळी व उरलेले सुमारे महिन्याने वरखत म्हणून देतात. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने ७५ किग्रॅ. नत्रासाठी सुमारे १६३ किग्रॅ. युरिया लागतो. शेणखत जमिनीची ओल धरण्याची शक्ती वाढवते, म्हणून ते खताइतकेच पाण्याच्याही कामी येते. ठिबक सिंचनातून नत्र लहान हप्त्यांत देता आल्यास पाणी व खत दोन्ही मुळांच्या कक्षेतच राहतात.

काढणीनंतर पिकाने शोषलेल्या नत्राचा बराच मोठा भाग पानांत व खोडांत शेतातच शिल्लक राहतो. हा अवशेष जमिनीत गाडून पाठोपाठ दुसरे पीक घ्यावे आणि त्याच्या खतमात्रेत तेवढी वजावट करावी. कारण पिकाला न लाभलेले नायट्रेट अखेर भूजलात उतरते, आणि ज्या विहिरीवर शेत व घर दोन्ही अवलंबून असतात तिच्या पाण्याची शुद्धता राखणे हेही बागायतदाराच्या कर्तव्यात मोडते.